बाळ रांगतंय आणि घरात व्हिनाइल टाकायचंय: वास, थॅलेट आणि कोब्यातली ओल

अंगणवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही गरजेपोटी.

घरातल्या दोन खोल्यांची जमीन नव्याने करायची आहे. व्हिनाइल टाकायचं हे जवळजवळ ठरलं होतं. पाण्याने फुगत नाही, पायाला गार लागत नाही, पोर पडलं तरी लादीइतकं लागत नाही, आणि जुनी फरशी न फोडता काम होतं. नमुन्याचे पाच तुकडे घरी आणले: एक गुंडाळी होणाऱ्या शीटचा, दोन गोंदाने चिकटवायच्या पट्ट्यांचे, दोन त्या कडक, एकमेकींत खटकन बसणाऱ्या फळ्यांचे. पिशवीतून काढले तेव्हा शीटच्या तुकड्याला वास होता, नव्या रेनकोटची घडी उलगडली की येतो तसा. बाकीच्यांना फारसा नव्हता. मी ते टेबलाखाली ठेवले आणि विसरून गेले. संध्याकाळी बघते तर माझी नऊ महिन्यांची लेक नेमका तोच तुकडा दोन्ही हातांत धरून त्याचा कोपरा चघळत बसलेली.

तेव्हापासून वाचतेय, आणि जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय. विकणारा म्हणतो, एकदम सुरक्षित आहे, फॉर्माल्डिहाइड शून्य आहे. वाचलेल्या निम्म्या लेखांत व्हिनाइल म्हणजे निव्वळ विष. मला उगाच धसका घ्यायचा नाही आणि डोळेझाकही करायची नाही. पुढची दोन वर्षं तरी तिचं सगळं जग जमिनीवरच असणार आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा, नेमकी काळजी कशाची करायची आणि घेण्याआधी काय विचारायचं?

वाटसरू२२

ताई, आमच्याकडे शीट टाकून चार वर्षं झाली. आठ-दहा दिवस वास होता, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, गेला. दोन्ही मुलं ठणठणीत आहेत. फार वाचत बसू नका, डोकं दुखेल.

रेणूबंध

वाटसरू, मुलं ठणठणीत आहेत हे वाचून बरं वाटलं. पण वास गेला म्हणजे प्रश्न मिटला, हा समज मात्र काढायला हवा. मी प्लॅस्टिकच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमिनीचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी हे मुळात कडक प्लॅस्टिक. सांडपाण्याचा पाइप आठवा. त्याची गुंडाळी होणारी मऊ शीट करायची तर त्यात तेलासारखा पदार्थ मिसळावा लागतो, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. मऊ शीटमध्ये वजनाचा पाव भागही हाच पदार्थ असू शकतो. मेख अशी, की तो पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. ओल्या फडक्यात पाणी असतं तसा तो नुसता धरलेला असतो, आणि फार सावकाश, वर्षानुवर्षं, बाहेर येत राहतो. हवेत तो फारसा तरंगत नाही. धुळीच्या कणांना चिकटतो, जमिनीवर बसतो. त्याला नाकाला जाणवेल असा वास नसतो.

तुम्हाला आलेला वास म्हणजे चटकन उडून जाणारी रसायनं, ज्यांना व्हीओसी म्हणतात. शाई, वरचा लेप, उरलेले द्रावक यांतून ती येतात. पहिल्या काही दिवसांत भरपूर, मग झपाट्याने कमी. खिडक्या उघडून जातात ती हीच. प्लॅस्टिसायझर त्याच्या उलट वागतो: सुरुवातीला कळत नाही आणि शेवटपर्यंत थांबत नाही.

सर्वांत जास्त वापरले गेलेले प्लॅस्टिसायझर म्हणजे थॅलेट. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयएनपी ही त्यांची नावं. यांतले काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, प्रजननसंस्थेच्या वाढीवर परिणाम करतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणून तर अमेरिकेने २००८च्या कायद्याने खेळण्यांत आणि बाळांच्या वस्तूंत काही थॅलेटांवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट बघा. तो कायदा बाळाने तोंडात घालायच्या खुळखुळ्याला लागू आहे. खुळखुळा ज्या जमिनीवर पडतो आणि जिथून उचलून पुन्हा तोंडात जातो, तिला नाही.

जमिनीचा संबंध नुसता कल्पनेतला नाही. ओस्लोमध्ये जन्मापासून पाहणीत ठेवलेल्या मुलांवरचा अभ्यास १९९९ मध्ये आला. त्यात घरात पीव्हीसीची जमीन असणं आणि पहिल्या दोन वर्षांत श्वासनलिका आकसण्याचा त्रास होणं यांत संबंध दिसला. स्वीडनमध्ये बोर्नहाग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मुलांच्या झोपायच्या खोलीतली धूळ तपासली. बीबीपी जास्त असलेल्या धुळीचा संबंध नाक वाहण्याशी आणि इसबाशी, डीईएचपीचा दम्याशी दिसला. अशा अभ्यासांवरून 'यामुळेच हे झालं' असं म्हणता येत नाही, ओल आणि बुरशी हीसुद्धा कारणं असू शकतात. पण रसायन जमिनीतून मुलांच्या शरीरात पोचतं का, या प्रश्नाचं उत्तर जास्त सरळ आहे. ड्यूक विद्यापीठातल्या हेदर स्टेपलटन यांच्या गटाने २०१९ मध्ये मांडलेल्या पाहणीत, सगळ्या घरभर व्हिनाइल असलेल्या मुलांच्या लघवीत बीबीपीपासून तयार होणारा पदार्थ, व्हिनाइल अजिबात नसलेल्या घरांतल्या मुलांच्या तुलनेत १५ पट होता.

रांगतं बाळ जमिनीपासून वीतभर अंतरावर श्वास घेतं, ओले हात जमिनीवर टेकवतं आणि तोंडात घालतं. तेव्हा अंगणवेल, तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. तुकडा एकदा चघळला त्याने काही बिघडत नाही, त्याचा घोर लावून घेऊ नका. प्रश्न रोजच्या संपर्काचा आहे.

पानगळ

रेणूबंध, फार छान समजावलंत. विकणाऱ्याच्या 'फॉर्माल्डिहाइड शून्य' याचं काय करायचं? तेच तर मोठ्या अक्षरांत छापतात.

रेणूबंध

त्याचं काहीच करायचं नाही. फॉर्माल्डिहाइड हा गोंदातून सुटणारा, झोंबणारा वायू, आणि तो मुख्यतः लाकडाचा भुसा किंवा पातळ थर गोंदाने दाबून केलेल्या पाट्यांचा प्रश्न आहे, म्हणजे लॅमिनेट, एमडीएफ, प्लायवूड. २०१५ साली अमेरिकेत लॅमिनेटवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात 'जमीन आणि फॉर्माल्डिहाइड' ही जोडी पक्की बसली. व्हिनाइलमध्ये तो मुळातच फारसा नसतो. जे नसतंच ते नाही म्हणून सांगण्यात विकणाऱ्याचं काय जातंय? व्हिनाइलला विचारायचा प्रश्न प्लॅस्टिसायझरचा.

ओळंबा

मी फ्लोअरिंगची कामं घेतो, सतरा-अठरा वर्षं झाली. रेणूबंधताईंचं रसायनशास्त्र आपल्याला जमणार नाही, पण हाताखालून जे जातं ते सांगतो.

'व्हिनाइल' या एका नावाखाली तीन वेगळ्या चिजा विकल्या जातात. शीट सगळ्यांत मऊ. चिकटवायची पट्टी, जिला एलव्हीटी म्हणतात, मधली. आणि एसपीसी म्हणजे ती कडक फळी, तिच्या पोटात बहुतांश चुनखडीची भुकटी आणि बाकी पीव्हीसी. दोन बोटांत धरून वाकवून बघा. शीट चामड्यासारखी लवते, एलव्हीटी पुठ्ठ्यासारखी वाकते, एसपीसी वाकवायला गेलात तर मोडते. जितकी कडक तितका त्यात तो तेलकट पदार्थ कमी. ताईंनी आणलेल्या पाच तुकड्यांपैकी नेमका सगळ्यांत मऊ बाळाने उचलला, कारण चावायला तोच बरा लागतो.

दुसरं, गोंद. घरमालक फळीची दहा वेळा चौकशी करतात आणि गोंदाचा डबा कुठला ते एकदाही विचारत नाहीत. द्रावकवाला गोंद पसरला की खोलीत उभं राहवत नाही, डोळे चुरचुरतात. पाण्यात मिसळणारा, कमी व्हीओसीचा गोंद मिळतो, तो डब्यावर वाचून घ्यायचा. खटक्याच्या फळीला गोंदच लागत नाही. ती नुसती जमिनीवर बसते, उद्या नको झाली तर उचलता येते. लहान मूल असलेल्या घरात मी स्वतः तीच सुचवतो.

तिसरं. फळ्या कापायचं काम खोलीत करू देऊ नका. एसपीसीला करवत लावली तर पांढरी बारीक धूळ सगळीकडे बसते. सुरीने खोल रेघ मारून गुडघ्यावर मोडली तर सरळ तुटते, धूळही नगण्य. आणि उरलेले तुकडे कोणीही जाळू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, डायॉक्सिनही, दोन्ही विषारी. मी माझ्या हाताखालच्या कामगार पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगतो.

ताई, एक राहिलं. तुमच्या फरशीखाली ओल आहे का?

रेणूबंध

ओळंबादादा, वाकवून बघायची युक्ती मी आता सगळ्यांना सांगणार. त्यात एकच भर. एसपीसीची फळी कडक असली तरी तिच्यावर छापील चित्राचा पडदा आणि त्यावर पारदर्शक झिजेचा थर असतो. हे दोन्ही पीव्हीसीचेच आणि त्यांत थोडा प्लॅस्टिसायझर असू शकतो. बाळाचा हात लागतो तो याच थराला. म्हणजे एसपीसीमुळे एकूण प्रमाण खूप कमी होतं, पण प्रश्न विचारायचा राहतोच.

उंबरठा

ओलीचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्यावर बेतलेलं आहे.

नवीन बांधलेल्या खोलीत, कोबा करून दीड महिना होत नाही तोच शीट चिकटवून घेतली. काम करणाऱ्याने 'वरून सुकलंय' म्हटलं, आम्हीही हात लावून बघितला, कोरडा लागला. तीन महिने सगळं छान. मग खोलीत एक वास यायला लागला. नव्या प्लॅस्टिकचा नव्हे. गोडसर, जड, डोक्यात बसणारा. आम्ही आधी गटार तपासलं, मग कपाट, मग गादी उन्हात टाकली. बायकोचे डोळे चुरचुरायचे, मला त्या खोलीत झोपलं की सकाळी घसा बसलेला असायचा. दोन दिवस घराबाहेर राहिलो की बरं. शेवटी कोपऱ्यातली शीट उचकटली. खालचा गोंद सुकलेला नव्हताच, बोटाला लोण्यासारखा लागला, आणि तो वास भपकन अंगावर आला.

सगळी शीट काढून टाकली, तरी वास गेला नाही. कोब्यातच मुरला होता. खोली चार महिने उघडी टाकली तेव्हा कुठे राहण्याजोगी झाली. कोणावर खापर फोडायचं म्हणून नाही सांगत, पण दीड महिना जास्त थांबायला कोणी सांगितलं असतं तर आम्ही आनंदाने थांबलो असतो.

रेणूबंध

उंबरठा, वाचून वाईट वाटलं. आणि तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की पुस्तकात घालावं.

ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३. त्यात पाणी असेल आणि वरून शीटने तोंड बंद केलं, तर ते अल्कधर्मी पाणी गोंदाला आणि शीटमधल्या डीईएचपीसारख्या प्लॅस्टिसायझरला तोडतं. त्यातून २-इथाइल-१-हेक्झानॉल नावाचं अल्कोहोल सुटतं. तुमचा गोडसर जड वास बहुधा त्याचाच. उत्तर युरोपातल्या देशांत आणि जपानमध्ये इमारतींतल्या हवेच्या तक्रारींत हे रसायन वारंवार सापडलेलं आहे. काँक्रीट ते शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडत बसतं, म्हणून शीट काढल्यावरही वास राहिला.

यातला धडा प्रयोगशाळेतल्या आमच्यासारख्यांनाही उशिरा कळला. शीट कितीही चांगली प्रमाणित असली तरी ती चाचणी कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या पेटीत झालेली असते. ओल्या कोब्यावर तीच शीट वेगळी वागते.

ओळंबा

म्हणून तर विचारलं. हात लावून कोबा कळत नाही. वरचा पापुद्रा सुकतो, पोटात पाणी तसंच. ढोबळ हिशेब असा, की इंचभर जाडीला एक महिना तरी द्यायचा, दमट हवेत त्याहून जास्त.

घरच्या घरी करायची चाचणी सांगतो. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, कोब्यावर सपाट पसरा, चारही कडा चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत-बाहेर होणार नाही. किमान सोळा तास ठेवा. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा कोब्याचा रंग गडद झाला, तर थांबायचं. काही दिसलं नाही तरी मोठ्या कामाला मी यावर भागवत नाही, कोब्याला भोक पाडून आत आर्द्रता मोजणारं यंत्र घालतो. आकडा फ्लोअरिंग आणि गोंद बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत बसला तरच पुढचं काम. जमिनीवरच्या खोल्यांत खालून ओल चढते, तिथे जुना कोबा आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पिंपळपार

मी जुन्या घरात राहतो, वय झालं आता. स्वयंपाकघरात वडिलांच्या काळातल्या कडक चौकोनी लाद्या आहेत, नऊ इंचाच्या, खाली काळा डांबरासारखा गोंद. काही उचकटल्यात. नातू येणार म्हणून त्या खरवडून काढून वर नवं व्हिनाइल टाकायचा मुलाचा बेत आहे. सुट्टीत दोघं मिळून करू म्हणतो. चालेल ना?

रेणूबंध

काका, कृपया थांबा. खरवडू नका, तासू नका, मशीन तर अजिबात लावू नका.

साधारण १९८०च्या दशकापर्यंत अशा लाद्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज घालत असत, काळ्या गोंदातही. नऊ इंची चौकोन ही त्यांची नेहमीची खूण. अख्ख्या, घट्ट बसलेल्या लादीतून तंतू फारसे सुटत नाहीत. तोडली, घासली की सुटतात, आणि ते फुप्फुसात गेले की कायमचे. आधी एका उचकटलेल्या तुकड्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. तुकडा घेतानाही पाणी फवारून, कोरडी धूळ उडू न देता घ्या. तोपर्यंत ती जागा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. अ‍ॅस्बेस्टॉस निघालं तर काढायचं काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचंच. बऱ्याचदा न काढता वरून नवी जमीन झाकून टाकणं जास्त सुरक्षित ठरतं.

पिंपळपार

बरं झालं विचारलं. मुलाला आत्ताच फोन करतो. आभारी आहे, बाई.

वाटसरू२२

मी वर 'फार वाचू नका' लिहिलं होतं. परत आलो, सगळं वाचलं. आता माझ्याकडे चार वर्षांपूर्वीची शीट टाकलेली आहे, कुठली ते माहीत नाही, कागद ठेवले नाहीत. धाकटी अडीच वर्षांची आहे. खरं सांगतो, पोटात गोळा आलाय. उखडून टाकू का?

रेणूबंध

नाही, घाई करू नका. लगेच उखडायची गरज नाही, आणि निम्मंशिम्मं उखडलेलं तर त्याहून वाईट. धूळ ताब्यात ठेवली तर संपर्क बराच कमी होतो, हे तुमच्या हातात आजपासून आहे.

कोरडा झाडू धूळ उडवतो. त्याऐवजी ओलं पुसा, किंवा हेपा गाळणी (अगदी बारीक धूळही अडवणारी) असलेला व्हॅक्यूम वापरा. खाण्याआधी आणि झोपण्याआधी मुलीचे हात साबणाने धुवा, हे एवढं साधं आहे पण कामाचं आहे. ऊन थेट पडत असेल तर पडदा लावा, कारण तापमान चढलं की शीटमधून बाहेर येण्याचा वेगही चढतो. त्याच कारणाने वाफेचा पोछा नको. ती जिथे जास्त खेळते तिथे धुता येणारी जाड सुती सतरंजी टाका. फोमची कोडी जोडून होणारी गादी घेणार असाल तर तिचीही तशीच चौकशी करा. ईव्हीए फोममध्ये फॉर्मामाइड (हे फॉर्माल्डिहाइडहून वेगळं रसायन) सापडल्याच्या तक्रारी युरोपात झालेल्या आहेत.

ओळंबा

आणि रबराच्या पाठीचं पायपुसणं व्हिनाइलवर टाकू नका. वर्षभराने उचललंत तर खाली पिवळा-तपकिरी चौकोन दिसेल आणि तो कशानेही निघणार नाही. लोक म्हणतात डाग पडला. डाग पडलेला नसतो, रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये शिरलेलं असतं. प्लॅस्टिकच्या आतून-बाहेरून वस्तू ये-जा करतात हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तो चौकोन बघा.

अंगणवेल

सगळ्यांचे किती आभार मानू. आठवडाभर गप्प होते कारण पत्रव्यवहार करत होते. पाचही तुकड्यांच्या मागच्या बाजूवरून उत्पादकांची नावं काढली आणि एकच मजकूर सगळ्यांना लिहिला. प्लॅस्टिसायझर कोणता, नावानिशी सांगा. आतल्या थरात पुनर्वापर केलेलं पीव्हीसी आहे का? स्थिरक म्हणून, म्हणजे पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये म्हणून, शिसं, कॅडमियम किंवा कथिलाची संयुगं वापरली आहेत का? (हा शेवटचा प्रश्न रेणूबंध यांनी व्यक्तिगत निरोपात सुचवला.)

दोघांचं उत्तरच आलं नाही. एकाने नुसतं फ्लोअरस्कोअरचं प्रमाणपत्र जोडून पाठवलं. एकाने लिहिलं 'ऑर्थो-थॅलेटमुक्त, प्लॅस्टिसायझर डीओटीपी, पुनर्वापराचा माल नाही, स्थिरक कॅल्शियम-झिंक'. पाचव्याने लिहिलं 'आमचा माल सर्व नियमांत बसतो', बस. डीओटीपीचं पूर्ण नाव शोधलं तर त्यात 'टेरेथॅलेट' आहे! मग हे थॅलेटमुक्त कसं? फसवताहेत का?

रेणूबंध

नाही, हे उत्तर पाचांत सर्वांत प्रामाणिक आहे. त्रासदायक ठरलेले थॅलेट 'ऑर्थो' गटातले, म्हणजे रेणूतल्या कड्याला दोन शेपट्या शेजारीशेजारी जोडलेल्या. डीओटीपीमध्ये त्या समोरासमोर असतात. नाव सारखं असलं तरी शरीरात त्याचं वागणं वेगळं आहे, आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत ऑर्थो गटातल्यांसारखा प्रजननसंस्थेवरचा परिणाम त्यात दिसलेला नाही. डीआयएनसीएच हाही असाच पर्याय. निष्पाप म्हणणार नाही, पण डीईएचपी आणि बीबीपीपेक्षा मी तो डोळे उघडे ठेवून निवडेन.

फ्लोअरस्कोअर आणि ग्रीनगार्ड गोल्ड यांना कमी लेखू नका, फक्त ते काय मोजतात ते लक्षात घ्या. नमुना बंद पेटीत ठेवून त्यातून हवेत काय सुटतं ते मोजतात. वासाच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. आत काय भरलंय, धुळीला काय चिकटणार, याचं नाही. त्यासाठी घटकांची यादी हवी. काही उत्पादक 'एचपीडी' नावाचं घटकपत्र देतात, ते मागा.

पुनर्वापराच्या पीव्हीसीबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. ऐकायला चांगलं वाटतं, पण जुन्या वायरींच्या आवरणांचं पीव्हीसी आतल्या थरात जातं आणि त्याबरोबर जुनं शिसं, कॅडमियम, बंदी आलेले थॅलेट परत घरात येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या इकॉलॉजी सेंटरने ६५ व्हिनाइल लाद्या तपासल्या, तेव्हा ५८ टक्के लाद्यांत थॅलेट सापडले होते. त्याच वर्षी तिथल्या मोठ्या विक्रेत्यांनी ते बंद करायचं जाहीर केलं. युरोपात ७ जुलै २०२०पासून डीईएचपी, डीबीपी, बीबीपी, डीआयबीपी मिळून ०.१ टक्क्याहून जास्त असलेला असा माल विकता येत नाही. त्यामुळे 'हा माल युरोपच्या रीच नियमांत (रसायनांवरच्या तिथल्या कायद्यात) बसतो का, लेखी द्या' हेही विचारता येतं. 'सर्व नियमांत बसतो' याला मात्र अर्थ नाही. कुठल्या देशाच्या, कुठल्या सालच्या?

पानगळ

व्हिनाइलच कशाला, असं कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे लिनोलियम आहे. जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, कॉर्कची भुकटी, मागे तागाचं कापड. १८६०च्या दशकापासून बनतंय. सुरुवातीला जवसाच्या तेलाचा वास येतो, काही जणांना तो सोसत नाही, आणि फार पाणी साचलं तर कडा उचलतात. पण माझा दमेकरी मुलगा त्यावर नीट वाढला. फक्त जपून, कित्येक विक्रेते साध्या व्हिनाइल शीटलाच 'लिनोलियम' म्हणतात. पाठ उलटून बघा, तागाचं कापड दिसलं पाहिजे.

ओळंबा

पानगळ यांचं बरोबर आहे. आणि भाजलेली लादी तर आहेच, तिच्यातून काहीच सुटत नाही. गार लागते आणि पडल्यावर लागतं, एवढंच. माझ्या घरी मुलं लहान होती तेव्हा मी लादीच ठेवली होती, हेही खरं.

अंगणवेल

ठरलं. ज्या उत्पादकाने नावानिशी उत्तर दिलं त्याचीच खटक्याची एसपीसी फळी, गोंद नाही. खोके आधी दहा दिवस व्हरांड्यात उघडून ठेवणार, फळ्या बसल्यावर दोन आठवडे आम्ही त्या खोल्यांत झोपणार नाही. मुलीच्या झोपायच्या कोपऱ्यात सुती सतरंजी. नवऱ्याने घटकपत्र छापून फाइलला लावलंय, वाटसरूंसारखं पुढे शोधायला नको म्हणून.

ओळंबादादा, तुमची प्लॅस्टिकची चाचणी काल दोन्ही खोल्यांत लावली. जिथे फरशी आधीच निघाली होती तिथे कोब्यावर. आज सकाळी उचलली. पुढची खोली खडखडीत कोरडी. मागच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आतून बारीक थेंबांची जाळी, आणि खाली कोब्यावर बरोबर दीड फुटाचा काळपट चौकोन. लेक त्यावर हात आपटून बघत होती.

ओळंबा

पुढची खोली बिनधास्त करा. मागची थांबवा, फळी गोंदाची नसली तरी. खाली ओल कोंडली तर बुरशी धरेल. भिंतीपलीकडे न्हाणीघर किंवा पाण्याची पाइपलाइन आहे का?

अंगणवेल

न्हाणीघर आहे. लगेच प्लंबरला बोलावते. मागची खोली तोपर्यंत उघडीच राहील.